संदिग्ध रुंदीची अक्षरं: टर्मिनल आणि लोकेल यांचा मेळ कसा घालायचा

टर्मिनलमध्ये तक्ता उघडलात आणि उजवीकडची उभी रेघ काही ओळींत एक घर पुढे सरकलेली दिसली. किंवा एडिटरमध्ये ★ किंवा … असलेल्या ओळीवर कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि डिलीट मात्र शेजारचंच होतं. किंवा खोडलेल्या अक्षराचा अर्धा तुकडा पडद्यावर तसाच राहतो आणि पडदा पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाही. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: एकाच अक्षराला एक प्रोग्रॅम एक घर देतो आणि दुसरा दोन.

हा लेख पहिल्यांदाच या गुंत्यात सापडलेल्यांसाठी आहे. मी स्वतः यातून गेलो आहे, आणि माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘खरी रुंदी कोणती’ हे शोधण्यात. या अक्षरांना खरी अशी एक रुंदी नसतेच. टर्मिनल आणि त्यात चालणारा प्रोग्रॅम यांनी एकच उत्तर धरलं की काम झालं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

एक सूचना: आज्ञा, चलांची नावं आणि सेटिंगं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत करायची.

## सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- तुमच्या टर्मिनलचं नाव आणि आवृत्ती. ‘काळी खिडकी’ एवढ्यावर भागत नाही. सेटिंग कुठे आहे ते नावावरूनच कळतं.
- ‘लोकेल’ या आज्ञेचा पूर्ण आउटपुट, एखाद्या फाइलमध्ये जपून ठेवलेला. लोकेल म्हणजे भाषा, देश आणि अक्षरांची एन्कोडिंग सांगणारं यंत्रणेचं सेटिंग.
- मध्ये टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलमध्ये अनेक सेशनं चालवणारे प्रोग्रॅम) चालू आहे का, एसएसएचवरून दुसऱ्या यंत्रावर गेला आहात का, आणि प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालतो का, याची नोंद.
- शक्य असल्यास पायथन. त्याच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘ईस्ट_एशियन_विड्थ’ हे फंक्शन कोणत्याही अक्षराचा गट सांगतं.
- शेलच्या सुरुवातीच्या फाइलींची प्रत. लोकेल बदलताना त्यांना हात लागतोच.

## १. आधी दुखणं नक्की कुठलं आहे ते ओळखा

तीन वेगळ्या तक्रारी वरवर सारख्या दिसतात.

पहिली एन्कोडिंगची. अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा दोन-तीन अनोळखी चिन्हांची रांग दिसत असेल, तर रुंदीचा प्रश्न अजून आलेलाच नाही. आधी सगळीकडे यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची आजची नेहमीची एन्कोडिंग) आहे याची खात्री करा.

दुसरी फॉन्टची. अक्षर शेजारच्या अक्षरावर चढतं किंवा उजवीकडून कापलं जातं, पण कर्सर अगदी बरोबर जागी असतो. इथे टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांचं एकमत आहे, फक्त फॉन्टमधली आकृती दिलेल्या जागेपेक्षा रुंद आहे. लोकेल बदलून हे सुधारत नाही. उलट जे जुळलेलं आहे तेही बिघडतं.

तिसरी आपली. कर्सर सरकतो, चौकटी तुटतात, खोडलेल्याचे अवशेष राहतात. म्हणजे मोजण्यात फरक आहे.

नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. लक्षात ठेवायला सोपी कसोटी अशी: नुसतं दिसायला वाईट असेल तर फॉन्ट पाहा, कर्सरच चुकत असेल तर रुंदी पाहा.

## २. ही अक्षरं ‘संदिग्ध’ का झाली

हा भाग वगळून पुढे जाता येईल, पण वाचलात तर पुढची सेटिंगं पाठ करावी लागणार नाहीत.

टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या मापाच्या घरांची जाळी. इंग्रजी अक्षराला एक घर लागतं. चिनी आणि जपानी लिपीतलं चित्राक्षर एका घरात मावत नाही, म्हणून त्याला दोन. जपानचं जेआयएस अक्षरमानक १९७८ साली आलं, चीनचं जीबी २३१२ हे १९८० साली. या संचांत चित्राक्षरांबरोबर ग्रीक आणि रशियन वर्णमाला, बाण, तारे, गोलातले आकडे अशी बरीच चिन्हंही घेतली होती. या मानकांवर उभ्या राहिलेल्या एन्कोडिंगांत अशा अक्षराला दोन बाइट लागत आणि पडद्यावर दोन घरं मिळत. बाइट मोजले की रुंदी कळली, असा तो सोयीचा हिशेब होता. त्यामुळे जपानी यंत्रावर ग्रीक अल्फासुद्धा दोन घरांचा असे, आणि युरोपातल्या यंत्रावर तोच अल्फा एका घराचा.

युनिकोडने या दोन्ही अल्फांना एकच क्रमांक दिला. अक्षर एक झालं, रुंदीच्या सवयी मात्र दोन राहिल्या.

युनिकोडचं परिशिष्ट ११ हे या रुंदीबद्दलच आहे. त्यात प्रत्येक अक्षराला सहांपैकी एक गट दिलेला असतो: फुलविड्थ, हाफविड्थ, वाइड, नॅरो, ॲम्बिग्युअस आणि न्यूट्रल. आपलं दुखणं फक्त ॲम्बिग्युअस गटाचं. चौकटी काढायच्या रेघांपैकी बहुतेक, → सारखे बाण, ★ ☆ ● ○ ■ □, ① पासूनचे गोलातले आकडे, ° ± × ÷ §, वळणदार अवतरणचिन्हं, लांब डॅश, तीन टिंबांचं … आणि रशियन अक्षरं या गटात येतात. पिनयिन लिहायला लागणारी उच्चारचिन्हांची काही लॅटिन अक्षरंही यात आहेत.

अंदाजाने गट ठरवू नका. ® हे चिन्ह ॲम्बिग्युअस आहे, त्याच्यासारखंच दिसणारं © मात्र न्यूट्रल. ★ संदिग्ध आहे, ✓ नाही. जुन्या संचांत कोणतं चिन्ह होतं आणि कोणतं नव्हतं, त्यावरून हे ठरलेलं आहे. दिसण्यावरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून वर पायथनचं फंक्शन सांगितलं: त्याला अक्षर द्या, ते ‘ए’ असं उत्तर देईल तर ते आपल्या गटातलं.

## ३. कोण कोणाला विचारतं

प्रोग्रॅम पडद्यावर ‘★’ पाठवतो आणि स्वतःच्या मनात नोंद करतो की कर्सर आता इतकी घरं पुढे गेला. टर्मिनल ते अक्षर रंगवतं आणि आपल्या हिशेबाने कर्सर पुढे नेतं. नेहमीच्या कामात हे दोघं एकमेकांना काही विचारत नाहीत. दोघांचे तक्ते सारखे असतील या भरवशावर सगळं चालतं.

प्रोग्रॅम आपला आकडा तीनपैकी एका ठिकाणाहून घेतो:

- सी लायब्ररीतलं ‘डब्ल्यूसीविड्थ’ हे फंक्शन. याचं उत्तर चालू लोकेलवर अवलंबून असतं. शेल आणि एनकर्सेसवर (टर्मिनलमध्ये मेन्यू व खिडक्या काढणारी लायब्ररी) लिहिलेले बरेच प्रोग्रॅम याच वाटेने जातात.
- प्रोग्रॅमचा स्वतःचा तक्ता. विम आणि ईमॅक्स हे एडिटर या प्रकारातले. लोकेलमधली रुंदी बदललीत तरी यांच्यावर थेट परिणाम होत नाही.
- त्या-त्या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी. गो आणि रस्टमध्ये लिहिलेली टर्मिनल-साधनं बहुधा सी लायब्ररीला विचारतच नाहीत.

टर्मिनलही आपला आकडा वेगळाच ठरवतं, आणि त्याचं सेटिंग लोकेलमध्ये असेलच असं नाही. लोकेल बदललं तरी काहीच झालं नाही, किंवा आणखी बिघडलं, अशी तक्रार वारंवार येते ती याचमुळे. बदल एका बाजूला झालेला असतो.

## ४. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा

सेटिंगला हात लावण्यापूर्वी मोजणी करा. ती टीमक्स किंवा स्क्रीनच्या बाहेर, थेट टर्मिनलमध्ये करायची.

टर्मिनलची बाजू. एका साध्या मजकूर फाइलीत या तीन ओळी लिहा आणि ‘कॅट’ने दाखवा:

★|
-|
--|

पहिल्या ओळीतली उभी रेघ दुसरीतल्या रेघेच्या बरोबर वर आली, तर टर्मिनल ★ ला एक घर देतं. तिसरीच्या वर आली तर दोन. एडिटरमध्ये पाहून निष्कर्ष काढू नका, तिथे एडिटरचा हिशेबही मिसळतो.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर टर्मिनललाच विचारता येतं. ओळीच्या सुरुवातीला ★ छापायचा आणि लगेच एस्केप, चौकोनी कंस, ६ आणि लहान ‘एन’ हा क्रम पाठवायचा. टर्मिनल कर्सरची ओळ आणि स्तंभ परत पाठवतं. स्तंभ २ आला तर अक्षर एका घराचं, ३ आला तर दोन घरांचं. हे उत्तर कीबोर्डवरून टाइप केल्यासारखं येतं, म्हणून ते शेलच्या ‘रीड’ने पकडावं लागतं, नाहीतर प्रॉम्प्टवर कचरा दिसतो.

लायब्ररीची बाजू. लिनक्सवर सोपा मार्ग आहे: ★ असलेली एक ओळ ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेला द्या आणि तिला मोठ्या ‘एल’चा पर्याय लावा. हा पर्याय सर्वांत रुंद ओळीची पडद्यावरची रुंदी सांगतो. १ किंवा २ येईल. भलतंच काही आलं तर तुमचं लोकेल यूटीएफ-८ नाही, आणि पहिली दुरुस्ती तिथे करायची आहे.

प्रोग्रॅमची बाजू. ज्यात बिघाड दिसतो त्याच प्रोग्रॅममध्ये तीच फाइल उघडा आणि कर्सर ★ वरून पुढे न्या. तो रेघेवर नेमका बसतो का ते पाहा.

तिन्ही उत्तरं कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर ही मोजणी पुन्हा करायची आहे, आणि एका वेळी एकच बदल करायचा आहे.

## ५. एक घर की दोन, हे ठरवा

परिशिष्ट ११ चा सल्ला स्पष्ट आहे: संदर्भ खात्रीने कळत नसेल तर संदिग्ध अक्षर अरुंद धरा. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. आजची बहुतेक टर्मिनलं, ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) आणि प्रोग्रॅमिंग भाषांच्या लायब्रऱ्या न सांगता एकच घर धरतात. तुम्ही अरुंद निवडलंत तर प्रवाहाबरोबर जाता आणि कमी ठिकाणी हात घालावा लागतो.

दोन घरं निवडण्याची खरी कारणं थोडी आहेत. जपानी, चिनी किंवा कोरियन मजकूर रोज हाताळता आणि त्यातल्या जुन्या फाइलींमधले तक्ते दोन घरांच्या हिशेबाने आखलेले आहेत. किंवा तुमचा फॉन्ट पूर्व आशियाई आहे आणि त्यातला ★ किंवा ※ मुळातच पूर्ण रुंदीचा रेखाटलेला आहे, त्यामुळे एका घरात कोंबला की वाचता येत नाही. यांपैकी काही लागू नसेल तर दोन घरांच्या वाटेला जाऊ नका.

दोन घरं निवडल्यावर सर्वांत आधी चौकटीच्या रेघांना फटका बसतो. त्या संदिग्ध गटात असल्याने प्रत्येक आडवी रेघ दुप्पट होते, आणि एक घर धरून आखलेले मेन्यू व खिडक्या फाटतात. एनकर्सेसवरच्या प्रोग्रॅममध्ये हे लगेच दिसतं.

## ६. टर्मिनलचं सेटिंग

मी नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो. चूक झाली तर एका क्लिकने मागे येता येतं.

- नोम टर्मिनल: प्रोफाइलच्या पसंतींमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ टॅब, तिथे संदिग्ध रुंदीच्या अक्षरांसाठी ‘नॅरो’ किंवा ‘वाइड’.
- एक्सटर्म: सुरू करताना ‘सीजेके_विड्थ’ हा पर्याय (सीजेके म्हणजे चिनी-जपानी-कोरियन), किंवा रिसोर्स फाइलीत ‘सीजेकेविड्थ’.
- मॅकचं टर्मिनल: सेटिंगमधल्या प्रोफाइलच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात पूर्व आशियाई संदिग्ध अक्षरं रुंद धरण्याची चौकट.
- आयटर्म२: प्रोफाइलच्या ‘टेक्स्ट’ भागात तशीच चौकट.
- पुटी: ‘विंडो’खालच्या ‘ट्रान्सलेशन’ पानावर. सेशन सेव्ह केलं नाहीत तर पुढच्या वेळी सेटिंग गायब असेल.
- वेझटर्म: कॉन्फिग फाइलीत ‘ट्रीट_ईस्ट_एशियन_ॲम्बिग्युअस_विड्थ_ॲज_वाइड’ असं लांबलचक नाव.
- मिनटीटीवाय (सिगविनचं नेहमीचं टर्मिनल): कॉन्फिग फाइलीतलं ‘चारविड्थ’. न सांगितल्यास ते लोकेलकडे पाहतं, त्याबद्दल पुढच्या पायरीत.

अलाक्रिटीसारख्या काही टर्मिनलांत हा पर्यायच नाही, ती कायम एक घर धरतात. तुमचं टर्मिनल असं असेल तर पाचव्या पायरीतला निर्णय आपोआप झाला: सगळं अरुंद ठेवा.

## ७. लोकेलची बाजू

इथे सावकाश चला. सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

कोणतं चल खरं चालतंय ते पाहा. अक्षरांशी संबंधित लोकेल ठरवताना क्रम असा: आधी ‘एलसी_ऑल’, ते रिकामं असेल तर ‘एलसी_सीटाइप’, तेही रिकामं असेल तर ‘लँग’. कोणीतरी, कधीतरी, एखाद्या स्क्रिप्टमध्ये ‘एलसी_ऑल’ लावून ठेवलेलं असतं आणि तुम्ही ‘लँग’ कितीही बदला, काही हलत नाही. ‘लोकेल’ आज्ञेच्या आउटपुटमध्ये ‘एलसी_ऑल’ची ओळ सर्वांत शेवटी येते, आधी तीच पाहा. ते कायमचं लावलेलं असेल तर काढून टाका आणि फक्त ‘एलसी_सीटाइप’ वापरा. त्याने तारखा, संदेशांची भाषा, क्रमवारी यांना धक्का लागत नाही.

नाव लिहिलं म्हणजे लोकेल बसवलेलं असतं असं नाही. ‘लोकेल’ला लहान ‘ए’ पर्याय देऊन यादी घ्या. यादीत नसलेलं नाव दिलंत तर प्रोग्रॅम गुपचूप ‘सी’ लोकेलवर जातो, आणि तिथे आस्कीबाहेरच्या अक्षरांना रुंदीच नीट मिळत नाही.

सिगविन. विंडोजवर सिगविन (लिनक्ससारखं वातावरण देणारा संच) वापरणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. इथे डब्ल्यूसीविड्थचं उत्तर लोकेलच्या भाषेवरून बदलतं. यूटीएफ-८ लोकेलची भाषा जपानी, चिनी किंवा कोरियन असेल, किंवा एसजेआयएस, जीबीके अशी जुनी पूर्व आशियाई एन्कोडिंग निवडलेली असेल, तर संदिग्ध अक्षरांना २ मिळतात. बाकी सगळीकडे १. भाषा जपानीच हवी पण रुंदी अरुंद हवी, तर लोकेलच्या नावाच्या शेवटी ‘@सीजेकेनॅरो’ हे शेपूट जोडायचं. सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही, आणि यूटीएफ-८ या शब्दानंतर.

हे शेपूट सिगविनचं स्वतःचं आहे. एसएसएचने लिनक्स यंत्रावर गेलात आणि हे नाव सोबत गेलं, तर तिकडे त्या नावाचं लोकेल नसतं आणि वर सांगितलेली ‘सी’वर घसरण होते. पलीकडे जाताना साधं नाव जाईल अशी सोय ठेवा.

मिनटीटीवाय वापरताना आणखी एक काळजी. ते सुरू होतं तेव्हा जे लोकेल असेल, किंवा त्याच्या पर्यायांत ‘टेक्स्ट’खाली जे निवडलेलं असेल, त्यावरून ते आपली रुंदी ठरवतं. नंतर शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत तुम्ही लोकेल बदललंत तर टर्मिनल जुन्या हिशेबावर राहतं आणि शेल नव्या. म्हणून लोकेल मिनटीटीवायच्या पर्यायांतच निवडा आणि शेलच्या फाइलींतून त्या ओळी काढा.

लिनक्स आणि ग्लिबसी. इथे भाषेने फरक पडत नाही. यूटीएफ-८ असलं की जपानी लोकेलमध्येही संदिग्ध अक्षर एकाच घराचं. अरुंद निवडलं असेल तर लोकेलबाबत तुमचं काम संपलं, पुढच्या पायरीवर जा.

दोन घरं हवीच असतील तर स्वतःचं लोकेल बांधावं लागतं. यूटीएफ-८ ची चारमॅप फाइल, जी बहुधा ‘यूएसआर/शेअर/आय१८एन/चारमॅप्स’ या फोल्डरमध्ये दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेली असते, तिची प्रत काढून उघडा. शेवटाकडे ‘विड्थ’ नावाचा भाग आहे, त्यात क्रमांक आणि रुंदी अशा जोड्या असतात. हव्या त्या संदिग्ध क्रमांकांना तिथे २ लिहायचे आणि ‘लोकेलडेफ’ या आज्ञेने त्या फाइलीवरून लोकेल तयार करायचं. तीन गोष्टी सांभाळा:

- फाइलीच्या डोक्यावर संचाचं नाव यूटीएफ-८ असं आहे, ते बदलू नका. बदललंत तर प्रोग्रॅम हे लोकेल यूटीएफ-८ नाहीच असं समजतात.
- सगळे संदिग्ध क्रमांक सरसकट टाकू नका. चौकटीच्या रेघा (यू+२५०० पासून पुढच्या) वगळल्या तर मेन्यू शाबूत राहतात. मात्र तुमच्या टर्मिनललाही तसं वगळता आलं पाहिजे. येत नसेल तर पुन्हा दोन हिशेब झाले. उच्चारचिन्हं जोडणारी चिन्हंही (यू+०३०० ते यू+०३६एफ) याच गटात नोंदलेली आहेत, पण ती शून्य रुंदीचीच राहिली पाहिजेत.
- तयार लोकेल यंत्रणेच्या साठ्यात न घालता आपल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘लोकपाथ’ हे चल तिकडे वळवा. प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत, आणि यंत्रणेचं अपडेट आलं तरी तुमची फाइल पुसली जात नाही.

मसल लायब्ररी. अल्पाइनसारख्या, कंटेनरमध्ये लोकप्रिय असलेल्या वितरणांत ग्लिबसीऐवजी मसल असते. तिचा रुंदीचा तक्ता पक्का आहे आणि तो लोकेलकडे पाहत नाही. तिथे वरची सगळी खटपट व्यर्थ आहे.

## ८. आपापला तक्ता बाळगणारे प्रोग्रॅम

विम. ‘ॲम्बीविड्थ’ हा पर्याय, किंमत ‘सिंगल’ किंवा ‘डबल’. मुळात सिंगल असतो. एन्कोडिंग यूटीएफ-८ असेल तरच त्याचा उपयोग. डबल लावताना ई८३४ किंवा ई८३५ ही त्रुटी आली तर घाबरू नका: ‘लिस्टचार्स’ किंवा ‘फिलचार्स’मध्ये तुम्ही एखादं संदिग्ध चिन्ह वापरलेलं आहे, आणि तिथे एका घराचंच चिन्ह चालतं. आधी ते चिन्ह बदला. सगळा गट न बदलता ठरावीक अक्षरांचीच रुंदी बदलायची असेल तर नव्या विममध्ये आणि निओविममध्ये ‘सेटसेलविड्थ्स’ हे फंक्शन आहे. माझ्या मते बहुतेकांना तेच पुरतं.

विमची एक गोष्ट मला फार आवडते. तो सुरू होताना टर्मिनलला ▽ हे चिन्ह पाठवतो, कर्सर कुठे गेला ते विचारतो आणि त्यावरून ॲम्बीविड्थ ओळखतो. म्हणजे चौथ्या पायरीतली मोजणी तो स्वतः करतो. जोडणी मंद असेल तर टर्मिनलचं उत्तर उशिरा येतं आणि पडद्यावर कंस, आकडे आणि मोठा ‘आर’ असा तुकडा उमटतो. तो तुमच्या फाइलीतला नाही. वारंवार त्रास होत असेल तर विमच्या सेटिंगमध्ये ‘टी_यू७’ रिकामं करा आणि ॲम्बीविड्थ स्वतः लिहा.

ईमॅक्स. भाषेचं वातावरण जपानी, चिनी किंवा कोरियन निवडलं की तो संदिग्ध अक्षरांचा तक्ता रुंद करतो. नव्या आवृत्त्यांत ‘सीजेके-ॲम्बिग्युअस-चार्स-आर-वाइड’ हा पर्याय बंद करून ते थांबवता येतं.

स्क्रीन आणि टीमक्स. हे मध्यस्थ आहेत: आतल्या प्रोग्रॅमसाठी टर्मिनल, बाहेरच्या टर्मिनलसाठी प्रोग्रॅम. म्हणजे आता तीन हिशेब जुळायला हवेत. स्क्रीनमध्ये ‘सीजेकेविड्थ’ला ऑन किंवा ऑफ द्या. लोकेल बदललंत तर चालू सेशन बंद करून टीमक्सचा सर्व्हर पूर्ण थांबवा आणि नव्याने सुरू करा. नुसतं बाहेर पडून परत जोडल्याने सर्व्हर जुन्याच लोकेलवर राहतो. बदल लागू झाला नाही असं वाटून लोक पुढची दहा सेटिंगं बदलतात, ती इथेच.

गो आणि रस्टमधली साधनं. गोची रूनविड्थ लायब्ररी वापरणारे प्रोग्रॅम लोकेलवरून अंदाज बांधतात. ‘रूनविड्थ_ईस्टएशियन’ या चलाला ० किंवा १ दिलंत तर अंदाज थांबतो. रस्टच्या युनिकोड-विड्थमध्ये साधी रुंदी आणि सीजेके रुंदी अशी दोन वेगळी फंक्शनं आहेत, कोणतं वापरायचं ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि तुम्हाला बाहेरून बदलता येत नाही.

तुम्हीच प्रोग्रॅम लिहीत असाल तर एवढं पाळा: सी मध्ये सुरुवातीला ‘सेटलोकेल’ला रिकामी स्ट्रिंग देऊन वापरकर्त्याचं लोकेल घ्या, एनकर्सेसची रुंद अक्षरांची आवृत्ती जोडा, आणि रुंदी बाइटच्या किंवा अक्षरांच्या संख्येवरून कधीही काढू नका. आणि वापरकर्त्याला संदिग्ध रुंदी बदलण्याचा एक पर्याय ठेवा. तुमच्यासाठी ती एक ओळ असते, त्याच्यासाठी कित्येक संध्याकाळी वाचतात.

## ९. एसएसएच आणि कंटेनर

टर्मिनल तुमच्या यंत्रावर असतं, लोकेल पलीकडच्या यंत्रावर लागू होतं. एसएसएच ‘लँग’ आणि ‘एलसी_’ने सुरू होणारी चलं सोबत नेऊ शकतं, पण दोन्ही बाजूंच्या कॉन्फिगमध्ये परवानगी असेल तरच: इकडे ‘सेंडएन्व्ह’, तिकडे ‘ॲक्सेप्टएन्व्ह’. चलं गेली तरी त्या नावाचं लोकेल पलीकडे बसवलेलं लागतं. म्हणून पलीकडे पोचल्यावर पहिली आज्ञा ‘लोकेल’, मग डब्ल्यूसीची मोजणी.

कंटेनरमध्ये बहुतेक वेळा लोकेलच लावलेलं नसतं. ग्लिबसीवरच्या प्रतिमांत ‘सी.यूटीएफ-८’ हे लोकेल लावून पाहा. ग्लिबसीच्या २.३५ या आवृत्तीपासून ते मूळ संचातच आहे आणि वेगळी भाषा बसवावी लागत नाही.

## १०. यात न बसणाऱ्या तक्रारी

इमोजी संदिग्ध नाहीत. २०१६ साली युनिकोड ९ मध्ये त्यांतल्या रंगीत दिसणाऱ्या बहुतेकांना वाइड गट मिळाला. त्यांचा घोळ दोन बाजूंच्या तक्त्यांच्या युनिकोड आवृत्त्या वेगळ्या असल्याने होतो, आणि उपाय अपडेट हाच.

प्रॉम्प्ट सजवायला वापरतात ती पॉवरलाइन आणि नर्ड फॉन्टची चिन्हं खाजगी क्षेत्रात, यू+ई००० ते यू+एफ८एफएफ यांदरम्यान, येतात. हे सगळं क्षेत्र ॲम्बिग्युअस गटात आहे. ‘वाइड’ लावताच प्रॉम्प्टमध्ये मोठमोठ्या फटी पडल्या तर कारण हे.

आणि देवनागरी. मराठी मजकूर टर्मिनलमध्ये विस्कटतो म्हणून अनेक जण हेच सेटिंग बदलून पाहतात. देवनागरी अक्षरं न्यूट्रल गटात आहेत, त्यांच्यावर याचा काहीही परिणाम होत नाही. जोडाक्षराला किती घरं द्यायची आणि काना-वेलांटी कुठे मोजायची, हा तिथला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर टर्मिनलच्या अक्षरजोडणीत आहे. मराठीसाठी हे सेटिंग बदललं असेल तर परत मूळ जागी आणा.

## ११. तरीही जुळलं नाही तर

मदत मागताना पुढील गोष्टी एकत्र द्या. यांतलं काही राहिलं की पहिली चार उत्तरं ‘हे सांगा, ते सांगा’ यातच जातात.

- ज्या अक्षरावर बिघडतं त्याचा युनिकोड क्रमांक आणि पायथनने सांगितलेला गट.
- टर्मिनलचं नाव, आवृत्ती आणि त्यातलं संदिग्ध रुंदीचं सेटिंग.
- बिघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या शेजारीच घेतलेला ‘लोकेल’चा आउटपुट. एसएसएच असेल तर दोन्ही यंत्रांवरचा.
- चौथ्या पायरीतली तिन्ही मोजमापं.
- मध्ये टीमक्स, स्क्रीन किंवा कंटेनर आहे का, आणि ते काढल्यावर तक्रार राहते का.
- वापरत असलेला फॉन्ट. पडद्याचं चित्र जोडणार असाल तर कर्सर दिसेल असं घ्या.